टाकी लागलेल्या दगडावरचा मलिदा

मालवणला कसं जायचं, कधी जायचं, मासे कुठे चांगले मिळतात, असं विचारणारे मला पुष्कळ भेटतात. सांगते. पण माझा मालवणचा प्रवास बंदरावर सुरू झाला नाही, तो आमच्या भायखळ्याच्या स्वयंपाकघरातल्या भांडणापासून सुरू झाला. त्यामुळे आधी भांडण ऐकावं लागेल.

साठचं दशक नुकतंच लागलं होतं. आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले यहुदी. घाण्यावर तेल काढायचं आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून गावोगाव शनवार तेली म्हणून ओळखले जाणारे. बाबा कस्टम खात्यातून निवृत्त झाले होते आणि आईबाबांची इस्रायलच्या बोटीची तिकिटं आली होती. माझा मोठा भाऊ बेनी आधीच तिकडे गेला होता. तिथे त्याचं लग्न ठरलं आणि अडलं. तुम्ही हिंदुस्थानातून आलेले, तुमच्या आज्या-पणज्या खरंच यहुदी होत्या का, ते आधी सिद्ध करा, असं त्याला तिथल्या धर्मगुरूंनी सांगितलं. शेकडो वर्षं शनिवारी चूल न पेटवणाऱ्या बायकांच्या नातवाला हे विचारलं गेलं!

आणि नेमकं तेव्हाच बाबा म्हणाले, "मालवणचा नवस फेडल्याशिवाय मी बोटीत पाय ठेवणार नाही."

नवस माझ्याच नावाचा होता. मी लहान असताना बाबांची बदली मालवणला होती. त्या अख्ख्या गावात आमचं एकच यहुदी घर. तिथे मला टायफॉइड झाला आणि डॉक्टरांनी मान हलवली, तेव्हा बाबा समुद्रावर गेले, चपटे गोटे निवडून निवडून डोक्यावरून आणले आणि परसात माडाखाली एक छोटा चौथरा रचला. लोखंड म्हणून लावलं नाही. पहार नाही, हातोडी नाही, नुसते हात. पोर उठली तर ती मोठी झाल्यावर तिच्याच हातून या दगडांवर मलिदा ठेववीन, असं बोलले. मी उठले. मग बदली झाली आणि नवस राहून गेला.

मलिदा म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, खवलेलं खोबरं, वेलची, सुकामेवा, ताटाच्या कडेने पाच फळं आणि वर सब्जाची डहाळी. एलियाहू नबीचं, म्हणजे आमच्या प्रेषिताचं, नाव घ्यायचं, एकेका जिन्नसावर त्याची त्याची प्रार्थना म्हणायची आणि सगळ्यांनी मिळून खायचं. आमच्यात लग्न असो, बारसं असो, परदेशी जाणं असो, मलिदा हवाच.

"बंद करा हे," एझ्रामामा म्हणाला. हा आईचा धाकटा भाऊ. परदेशातून आलेल्या एका शिक्षकाकडे हिब्रू शिकून पक्का झालेला. "यरुशलेमचं मंदिर पडलं तेव्हाच वेदी संपली. आता कुठल्या दगडावर काही वाहायचं म्हणजे मूर्तिपूजकांची नक्कल. तिकडे बेनीला आधीच प्रश्न विचारतायत. त्यात तुम्ही मालवणात दगडावर पोहे ठेवलेत असं कळलं, तर?"

"तर कळू दे," मी म्हणाले. "मी जाणार बाबांबरोबर."

मामाने डोक्याला हात लावला. आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचंही तिकीट काढून आला. का, तर म्हणे आम्हाला चुकीच्या गोष्टीपासून अडवायला कुणीतरी हवं.

आता प्रवासाचं. तेव्हा सिंधुदुर्ग नावाचा जिल्हा नव्हता, सगळा रत्नागिरी जिल्हाच. मुंबईहून भाऊच्या धक्क्यावरून बोट निघायची. डेकचं तिकीट स्वस्त, पण चटई आपली आपण न्यायची आणि जागा धरायला भांडायचं. लिंबू आणि आलेपाक जवळ ठेवायचा. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून आम्ही मार्गशीर्षात निघालो. समुद्र शांत होता तरी मामा पहिल्या तासातच आडवा झाला, आणि त्याच्या तोंडून धर्मशास्त्र निघेनासं झालं, ही त्या बोटीची माझ्यावर मोठी कृपा.

रत्नागिरीला माल उतरवण्यात फार वेळ गेला. शुक्रवारची दुपार कलली तरी आम्ही देवगडच्याच पाण्यात. मालवण यायच्या आत सूर्य बुडणार आणि शब्बाथ, म्हणजे आमचा शनिवारचा विसावा, लागणार, हे दिसत होतं. शब्बाथला प्रवास नाही. बाबांनी ट्रंक उचलली. "उतरा."

बोट धक्क्याला लागायचीच नाही. भर पाण्यात उभी राहायची आणि पडाव येऊन माणसं न्यायचे. पडावातल्या खलाशाला काही कळेना.

"तिकीट मालवणचा आसा मां? मगे हंय कित्याक उतारतास?"

"उद्या आमचा देव विश्रांती घेतो," बाबा म्हणाले.

"बरो आसा तुमचो देव," तो म्हणाला आणि वल्हं मारायला लागला. "आमचो तर आमका एक दिस सोडणा नाय."

देवगडला बाबांच्या जुन्या ओळखीच्या खानावळीत उतरलो. आंब्याचा हंगाम नव्हता, नुसत्या हिरव्यागार बागा. हापूससाठी जायचं तर एप्रिल-मेमध्ये जा, पण गर्दीही तेव्हाच. बंदरावर ताजी सुरमई मिळाली. कोलंबी आणि तिसऱ्या आम्हाला चालत नाहीत, खवले आणि पर असलेलीच मासळी. हे ऐकून खानावळीच्या मालकीणबाईंना आमची फार दया आली.

सूर्य बुडायच्या आधी मी खोबरेल तेलाचा दिवा लावला. आईने बरोबर दिलेल्या मनुका भिजवून शब्बाथच्या प्रार्थनेसाठी त्यांचं सरबत केलं. खानावळीत तांदळाची भाकरी होती, पण मामा म्हणाला की भाकरीवर पावाची प्रार्थना चालत नाही, गहू हवा. म्हणून मी बंदरावरच्या एका ख्रिस्ती माणसाच्या दुकानातून पाव आणला होता. बाबांनी पावाचे तुकडे केले आणि मिठात बुडवून एकेक दिला.

मामा आता जमिनीवर होता, त्यामुळे त्याची वाचा परत आली होती. "हीच आपली वेदी," तो टेबलावर हात आपटून म्हणाला. "मंदिरात प्रत्येक अर्पणाबरोबर मीठ असायचं. मंदिर पडल्यावर आपल्या जुन्या ज्ञानी माणसांनी सांगितलं, आता माणसाच्या घरचं टेबल हीच वेदी. पण केव्हा? त्या टेबलावर दुसऱ्याला बसवून जेवू घालशील तेव्हा. एकटा जेवलास तर ते नुसतं लाकूड."

"आणि वेदीच्या दगडाला लोखंड का लावायचं नाही?" मी विचारलं. मला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"लोखंडाची तलवार होते. लोखंड माणसाचं आयुष्य कापतं, वेदी आयुष्य वाढवते. कापणाऱ्याने वाढवणाऱ्यावर हात उगारायचा नाही." तो छान सांगायचा, हे कबूल करायला हवं. माझं त्याच्याशी पटायचं नाही, पण त्याच्यासारखं सांगणारा दुसरा मी पाहिला नाही.

बाबांनी आपला पावाचा तुकडा संपवला. मग म्हणाले, "एझ्रा, श्रीमंत बैल आणायचा आणि गरीब मूठभर पीठ. पुस्तकात लिहिलंय की पीठ आणणाऱ्याने जणू आपला जीवच आणून ठेवला. आमच्या आज्यांकडे पीठही नव्हतं. त्यांनी पोहे आणले."

"पोह्यांत गूळ असतो. वेदीवर मध, म्हणजे कुठलंही गोड, जाळायला वर्ज्य आहे."

"आम्ही जाळत कुठे आहोत? आम्ही खातो!"

हे असं दिवा मंदावेपर्यंत चाललं. शनिवार आम्ही समुद्र बघत काढला. देवगडला जाल तर किल्ल्याच्या टोकावर जरूर जा, वारा अंगावर घ्यायला तिथल्यासारखी जागा नाही.

रविवारी सकाळी निघालो. थोडं एस.टी.ने, मग चालत, मग होडीने खाडी ओलांडून आचऱ्याला. तेव्हा तिथे पूल नव्हता. भातं कापून झाली होती आणि शेतं रिकामी होती. आचऱ्याच्या देवळाजवळच्या हॉटेलात उसळ-पाव आणि चहा, आणि मग पुन्हा एस.टी. रस्ता लाल, धूळ लाल. मालवणात उतरलो तेव्हा मामाची पांढरी टोपीही लाल झाली होती.

मालवण बदललं नव्हतं. समोर पाण्यात किल्ला, किनाऱ्यावर वाळत घातलेली जाळी, आणि सुक्या बांगड्यांचा तो वास, जो माझ्या आजारपणातही मला आवडायचा. आमच्या जुन्या भाड्याच्या घराला कुलूप होतं. शेजारच्या घरातून पार्वतीकाकी धावत आल्या. विधवा बाई, दोन्ही मुलगे मुंबईला गिरणीत. मी तापात असताना माझ्या उशाशी रात्री काढलेल्या.

"अगो बाय माझ्या! दीना मां तू? केदी मोठां झालंस गो!" त्यांनी माझे गाल ओढले. मग बाबांकडे वळल्या. "सायबानु, तुमचो चौथरो मी पडूक दिलंय नाय. चला, दाकयतंय."

परसात जाता जाता त्या सांगत होत्या. "वाडीतली माणसा इली, म्हणाली शेंदूर लावया, नारळ फोडूया. मी सांगलंय, त्यांच्या देवाक तोंड नाय, शेंदूर लावतल्यात खंय? कोणाक हात लावूक दिलंय नाय."

बाबांनी मामाकडे असं काही पाहिलं की मला हसू आलं. मूर्तिपूजकांची नक्कल म्हणे. इथे एका हिंदू बाईने आमचा देव इतकी वर्षं बिनतोंडाचाच सांभाळला होता.

चौथरा माडाखाली तसाच होता. नाही, तसाच नव्हता. काटकोनात, ताठ, कडा सरळ, सांधे चुन्याने भरलेले. मामा खाली बसला आणि त्याने दगडाच्या कडेवरून बोट फिरवलं. बारीक बारीक खाचा होत्या, एकीशेजारी एक.

"टाकी," तो हळूच म्हणाला.

दगड तासायची पाथरवटाची लोखंडी छिन्नी, तिला टाकी म्हणतात. काकी कौतुकाने सांगत होत्या, "पावसान कडेचे गोटे सुटले. मगे पाथरवटाक बोलावन, टाकीन ताशून, चुन्यान बसवन घेतलंय. कसो ताठ उबो आसा, बगा!"

बाबा माडाला टेकून खाली बसले. त्यांचा चेहरा असा उतरला, की ते आत्ता इथेच आजारी पडतात असं मला वाटलं. त्यांनी हातांनी आणलेला एकेक गोटा. लोखंड न लागलेला. माझ्या जिवासाठी बोललेला नवस.

"संपलं," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात विजय नव्हता, ते खरं सांगते. "आता हट्ट करू नका, भावोजी. देवानेच दार लावलं."

"मी त्याच्याशी खोटं बोलणार नाही," बाबा म्हणाले. "बिनलोखंडाचा म्हणालो होतो. तो आता राहिला नाही. आणि नवस फेडल्याशिवाय मी जाणार नाही म्हणालो होतो. म्हणजे जाणार नाही."

"काय झाला?" काकींनी आमचे चेहरे पाहिले. "माझा काय चुकला काय?"

मला तेव्हा जो राग आला तो एकट्या मामाचा नव्हता. बेनीला आजीचा पुरावा मागणाऱ्यांचा होता. आमच्या पोह्यांना नाक मुरडणाऱ्यांचा होता. आणि बाबांचाही होता, की ज्या बाईने त्यांची पोर आणि त्यांचा दगड दोन्ही सांभाळलं, तिच्यासमोर ते सुतकात बसल्यासारखे बसले होते.

"मामा," मी म्हणाले, "लोखंड का वर्ज्य, ते तूच सांगितलंस. ते आयुष्य कापतं म्हणून. काकींनी काय कापलं? पडणारं उभं केलं."

"अर्थ काढून नियम मोडता येत नाही, दीना. मग प्रत्येक जण आपापला अर्थ काढेल."

"बरं. मग नियमच धरू. तूच म्हणतोस की मंदिर पडलं आणि वेदी संपली. मग ही वेदी नाहीच. ही वेदी नसेल तर हिला वेदीचा नियम कुठून लागणार? हे टेबल आहे. आपल्या भायखळ्याच्या टेबलाला खिळे नाहीत?"

बाबांनी मान वर केली.

"टेबल असेल," मामा सावकाश म्हणाला, "तर त्यावर दुसऱ्या कुणीतरी जेवलं पाहिजे. आपण तिघांनी खाल्लं तर तो नुसता दगड."

आणि इथे खरी अडचण होती. पार्वतीकाकींनी माझं डोकं मांडीवर घेतलं होतं, माझे ओले कपडे बदलले होते, पण आमच्या घरचं पाणी त्या कधी प्यायल्या नव्हत्या. आई मलिद्यातलं केळं द्यायची ते घ्यायच्या, सालीसकट असायचं म्हणून. भिजवलेले पोहे नाहीत. कोरडं चालतं, पाण्याचा हात लागलेलं चालत नाही, अशी तिकडची रीत. आम्हाला त्याचं वाईट वाटत नसे. आमच्याही पुष्कळ रीती त्यांनी पाळल्या होत्या.

मी काकींना सगळं सरळ सांगितलं. टाकीचंही सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा मी त्यांचा हात धरून ठेवला. म्हटलं, "काकी, दगड मोडला नाही, पण आता तो तुमचाही झालाय. तुम्ही त्यावरचे पोहे खाल्लेत तर बाबांचा नवस फिटतो. नाही खाल्लेत तरी माझा राग नाही."

परसाच्या दगडी गडग्यापलीकडे शेजारची एक बाई कपडे वाळत घालता घालता थांबली होती. काकींनी तिच्याकडे एकदा पाहिलं.

मग म्हणाल्या, "फोव माझ्या घरातले घे. पण भिजय तूच."

काकींच्या पडवीत मी पोहे धुतले, गूळ किसला, त्यांनीच झाडावरचा नारळ काढवून दिला. बरोबर आणलेली फळं मांडली. सब्जाची डहाळी मिळाली नाही, म्हणून त्यांच्या परसातला एक गुलाब ठेवला. ताट मी दोन्ही हातांनी उचललं आणि त्या टाकीच्या खाचांवर नेऊन टेकवलं.

बाबा प्रार्थना सुरू करणार, इतक्यात मामा म्हणाला, "थांबा."

मी त्याच्या अंगावर ओरडणारच होते.

"टेबल म्हणालीस ना? मग मीठ कुठे आहे?" त्याने कोटाच्या खिशातून कागदाची पुडी काढली. देवगडच्या शुक्रवारचं उरलेलं मीठ. चिमूटभर त्याने ताटाच्या कडेला ठेवलं, टोपीवरची लाल धूळ झटकली आणि बाबांच्या शेजारी उभा राहिला. त्याने आमेन म्हटलं की नाही ते मी ऐकलं नाही. मी काकींकडे बघत होते.

काकींनी हात धुतले, पदर खोचला आणि चौथऱ्याजवळ मांडी घालून बसल्या. गडग्यापलीकडची बाई अजून तिथेच होती. काकींनी पोह्यांचा घास घेतला, चावला, गिळला. मग त्या बाईकडे बघून मोठ्याने म्हणाल्या, "बरे झाले हत. गूळ मातर कमी आसा."

बाबा रडले. माझ्या टायफॉइडच्या वेळी मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, तेव्हा ते दगड वाहत होते.

निघताना काकींनी एक पत्र्याचा डबा आणून माझ्या हातात दिला. आत दगडाच्या कपच्या होत्या, पाथरवटाने तासून काढलेल्या. "तुमच्या देवाचे दगड गो. टाकतलंय खंय? म्हणान ठेवलंय," त्या म्हणाल्या. बाबांनी एकच कपची घेतली. तिची एक बाजू समुद्राने गुळगुळीत केलेली, दुसरीवर टाकीचा घाव. बाकीचा डबा काकींकडेच राहिला.

परत आम्ही बोटीने आलो नाही, मामाने हात जोडले. मालवणहून कणकवली, घाट चढून कोल्हापूर, तिथून रेल्वे. घाटात गाडी लागते, पुढची सीट धरा. आता तर देवगडसाठी नांदगावलाही रेल्वे थांबते, कणकवली-कुडाळला उतरून तासाभरात मालवण. आचऱ्याच्या खाडीवर पूल आहे. जा जरूर. पण कुणी आपल्या हाताने काही वाढलं, तर रस्त्याची घाई आहे म्हणून उठू नका.

आईबाबा त्यानंतर लवकरच इस्रायलला गेले. तिकडे आमची माणसं हक्कासाठी रस्त्यावर बसली, कित्येक दिवस उन्हात बसली, तेव्हा कुठे ते प्रश्न मागे घेतले गेले आणि बेनीचं लग्न झालं. बसणाऱ्यांत बाबाही होते. मी गेले नाही. ज्यांना माझ्या आजीचा पुरावा हवा होता त्यांच्या दारात उभी राहायची मला इच्छा नव्हती, आणि माझ्या आजीची कबर इथे होती. मामाही राहिला, आणि मरेपर्यंत दर शुक्रवारी माझ्या टेबलाशी बसून भांडला.

बाबांच्या मागे ती कपची बेनीने मला परत पाठवली. तिकडे वाळवंटाच्या कडेच्या गावात ती बाबांच्या जेवणाच्या टेबलावर असायची, म्हणे. एकदा पाहुणा म्हणून आलेल्या एका धर्मशिक्षकाने ती उचलून पाहिली आणि सांगितलं की याला लोखंड लागलंय, हा दगड वेदीच्या कामाचा नाही. बाबा म्हणाले, "माहीत आहे. बसा, जेवून घ्या."

आता ती माझ्या टेबलावर असते, मिठाच्या वाटीशेजारी. शुक्रवारी कुणी ना कुणी जेवायला असतं. नात टेबल पुसते आणि कपची उलटी ठेवते, गुळगुळीत बाजू वर, ती दिसायला छान म्हणून. ती गेली की मी उठते आणि टाकी लागलेली बाजू वर करते.